पालकांना साधनांपेक्षा वेळेवर माहिती हवी

मा. संपादक,

सविनय नमस्कार.

मुलांच्या अभ्यासात पालकांना उपयोगी पडतील अशा साधनांची जी यादी आपल्या पुरवणीत अलीकडे प्रसिद्ध झाली, ती परिश्रमपूर्वक केलेली आहे यात शंका नाही. ॲप, व्हिडिओ, सराव प्रश्नपत्रिका आणि संकेतस्थळे यांची तीत रेलचेल आहे. परंतु ही जवळजवळ सर्व साधने मुलाला आणखी काही शिकवू पाहणारी आहेत. शेजारी बसलेल्या पालकाने काय करावे आणि विशेषतः काय करू नये, याविषयी त्यांत फारसे काही सापडत नाही. माझ्या मते खरी उणीव तिथे आहे.

एक साधे उदाहरण देतो. बावन्नातून अडतीस वजा करताना आजची मुले कधी कधी अडतीसपासून पुढे मोजतात : चाळीसपर्यंत दोन, पन्नासपर्यंत दहा, बावन्नपर्यंत आणखी दोन, म्हणजे चौदा. उत्तर बरोबर असते आणि मुलाला संख्यांची जाणही झालेली असते. तरीही 'असं नाही करायचं, हातचा घे' असे म्हणून आपण पेन्सिल हातात घेतो आणि शाळेत पक्की होत आलेली गोष्ट घरी विस्कटून टाकतो. गणिताची धास्ती बाळगणाऱ्या पालकांविषयी अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. असे पालक पहिली-दुसरीतील मुलांच्या गृहपाठात वारंवार मदत करतात, तेव्हा ती मुले वर्षभरात गणित कमी शिकतात आणि त्यांच्या मनातही तीच धास्ती बसते, असे त्यात आढळले. हेच पालक क्वचित मदत करत होते, तिथे मात्र हा परिणाम दिसला नाही. साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांविषयीच्या अनेक अभ्यासांचा २००९ मध्ये घेतलेला एकत्रित आढावाही याच दिशेचा आहे. गृहपाठातील थेट मदतीचा यशाशी भरवशाचा संबंध त्यात दिसला नाही. शिक्षणाचे मोल, अपेक्षा आणि पुढचे बेत यांविषयी घरात होणाऱ्या बोलण्याचा संबंध मात्र स्पष्ट दिसला.

मग पालकाने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. पुस्तक मिटून 'आज जे वाचलंस त्यातलं काय आठवतं ते सांग' एवढेच म्हणावे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी सरस ठरतात. पण आठवड्यानंतर पारडे फिरते आणि न बघता आठवून पाहणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिलेले असते. या उपायाला पैसे लागत नाहीत की मोबाइलचा पडदा लागत नाही. शिवाय पालकाला तो विषय येत नसला तरी चालते. किंबहुना येत नसेल तर बरेच, कारण मग मूल मनापासून समजावून सांगते आणि कुठे अडखळते ते त्याचे त्यालाच कळते.

दुसरी गरज माहितीची, आणि ती शाळेनेच भागवायला हवी. 'आपला पाल्य अभ्यासात लक्ष देत नाही' या संदेशाने घरात फक्त रागावणे होते. 'गणिताच्या मागील तीन गृहपाठांपैकी दोन आलेले नाहीत, अपूर्णांकाचा भाग राहिला आहे' असे कळले तर त्याच संध्याकाळी काही करता येते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात बावीस शाळांमध्ये राहिलेले गृहपाठ, गैरहजेरी आणि घसरलेले गुण पालकांना मोबाइलवर आपोआप कळवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा विषयांत नापास होण्याचे प्रमाण एक चतुर्थांशाहून अधिक घटले. संदेश साधे, छोटे आणि नेमके होते, इतकेच. आपल्याकडे पालकांच्या गटांवर शुभेच्छांची गर्दी असते आणि कामाचा निरोप तिच्यात बुडून जातो, हे जाता जाता सांगायला हवे.

अभ्यासाच्या याद्यांमध्ये मुलाच्या स्वास्थ्याला शेवटची एखादी ओळ मिळते, हेही योग्य नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, अशी निद्राविकारतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेची २०१६ ची शिफारस आहे. परीक्षा जवळ आली की आपण सर्वांत आधी याच तासांवर कात्री चालवतो. शाळेच्या दिवशीच सकाळी पोट दुखणे, मित्रांना टाळणे, आवडत्या खेळाकडेही पाठ फिरवणे, चिडचिड, झोप किंवा भूक बदलणे असे काही दोन आठवडे टिकले तर तो आळस किंवा नाटक समजू नये. वर्गशिक्षक, समुपदेशक किंवा बालरोगतज्ज्ञ यांच्याशी बोलावे. मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोलत असेल, तर एक दिवसही थांबू नये. मानसिक विकारांपैकी सुमारे एक तृतीयांश चौदाव्या आणि निम्मे अठराव्या वर्षापर्यंत सुरू होतात आणि बहुतेक वेळा ते ओळखलेच जात नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

यासाठी आपणास दोन विनंत्या आहेत. यापुढे अशी यादी छापताना प्रत्येक साधनापुढे ते कोणत्या वयासाठी आहे, मोफत आहे की काही दिवसांनी पैसे मागू लागते आणि मुलाचे नाव, छायाचित्र किंवा संपर्क क्रमांक घेते काय, हे नमूद करावे. तसेच पुरवणीतील थोडी जागा शिक्षकांना द्यावी. त्या त्या इयत्तेत या महिन्यात गणित कोणत्या पद्धतीने शिकवले जात आहे, हे त्यांनी दोन सोडवलेल्या उदाहरणांसह पालकांसाठी लिहावे.

आपला,
एक पालक