पाठीवरची चेन काय कामाची?

संपादक महोदय,

बाळंतपणानंतर मला चार गाऊन भेट आले, चारही मागून चेनचे! रात्री दोनला बाळ टाहो फोडतंय आणि मी एका हाताने पाठीवरची चेन चाचपतेय. तान्हं बाळ दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पितं. दर वेळी ही कसरत कोण करणार?

शेवटी नवऱ्याचे जुने सैल, सुती शर्ट काढले. बटणं सोडण्यापेक्षा शर्ट खालून वर सरकवणं सोपं. पोट उघडं पडू नये म्हणून आत छातीशी दोन काप दिलेली बनियन. तारेची घट्ट ब्रा मात्र बंद केली. सतत दाब पडला की दूध साचून गाठ होऊ शकते, हे नर्सबाईंनी सांगितलं तेव्हा मला एक झालीच होती.

खास ‘फीडिंग’ म्हणून विकला जाणारा कुर्ताही घेतला. त्याची फट इतकी अरुंद, की शिवणारा कधी बाळाजवळ बसला नसावा. वर चेनचं टोक बाळाच्या गालाला लागून ओरखडा उठला. फट वीतभर ठेवा आणि चेनीखाली कापडाची पट्टी लावा, एवढंच कपडे शिवणाऱ्यांना सांगणं आहे.

– पाच महिन्यांच्या बाळाची आई