पुरस्कार नको, अनुवादाचा खर्च उचला

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मराठी पुस्तके आंतरराष्ट्रीय पुरस्कारांच्या परीक्षकांपर्यंत पोहोचावीत यासाठी अनुवाद निधी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून ‘आता मराठीला जागतिक पुरस्कार कधी?’ हा प्रश्न जिथेतिथे ऐकू येतो. त्याला जोडूनच, शासनाने स्वतःचाच एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार सुरू करावा, अशी सूचनाही येते. असे पुरस्कार कसे चालतात ते पाहिले तर आपला पैसा आधी कुठे जायला हवा ते कळते. म्हणून हे पत्र.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठाचा नॉयश्टाट पुरस्कार घ्या. १९६९ मध्ये स्थापन झालेला हा पुरस्कार १९७० पासून दिला जातो. दर दोन वर्षांनी एका हयात लेखकाला, त्याच्या एकूण कामासाठी, ५० हजार डॉलर मिळतात. नॉर्मन हे विद्यापीठाचे गाव, राजधानीही नव्हे. तिथल्या एका साहित्यिक नियतकालिकाने हा पुरस्कार नावारूपाला आणला. त्यासाठी अर्ज करता येत नाही. परीक्षक मंडळ दर वेळी नवे असते, परीक्षक स्वतः लेखक असतात आणि प्रत्येक जण एकच नाव सुचवतो. मग सगळे मिळून सगळ्यांची पुस्तके वाचतात आणि मतदान करतात. अट एकच : लेखकाच्या कामाचा प्रातिनिधिक भाग इंग्रजीत उपलब्ध हवा, कारण परीक्षकांची चर्चा इंग्रजीत होते.

या एका अटीपाशी मराठी अडते. १९८४ मध्ये हा पुरस्कार फिनिश कवी पावो हाविको यांना मिळाला, २०२० मध्ये अल्बेनियन लेखक इस्माइल कादरे यांना. फिनिश बोलणारे साधारण अर्धा कोटी. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. १९८८ चे मानकरी राजा राव आणि २०१२ चे रोहिंटन मिस्त्री हे दोघे भारतात जन्मलेले, पण दोघांचे लेखन इंग्रजीत. भारतीय भाषेत लिहिणाऱ्या लेखकाला हा मान अजून मिळालेला नाही.

इंटरनॅशनल बुकरचे गणित वेगळे आहे. २०१६ पासून तो दरवर्षी एका पुस्तकाला मिळतो आणि ५० हजार पौंड लेखक व अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. पुस्तक पाठवायचे प्रकाशकाने, आणि ते ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये ठरलेल्या मुदतीत छापलेले हवे. ही मुदत १ मे ते ३० एप्रिल अशी असते. दिल्लीत किंवा मुंबईत छापलेला उत्तम अनुवादही तिथे चालत नाही. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना २०२५ मध्ये हा पुरस्कार मिळाला, तेव्हा अनुवादक दीपा भास्ती यांनी निवडलेल्या बारा कथा शेफील्डच्या एका छोट्या प्रकाशनाने छापल्या होत्या आणि त्या अनुवादाला इंग्लिश पेन या संस्थेचे अनुदान मिळालेले होते. बानू मुश्ताक हासनच्या, राजा रावही हासनचेच. एकाने थेट इंग्रजीत लिहिले, दुसरीचे कन्नड अनुवादातून तिकडे पोहोचले. आपल्याला ही दुसरी वाट बांधायची आहे.

ती वाट सरकारला बांधता येते. दक्षिण कोरियाने १९९६ मध्ये अनुवाद निधी उभारला, पुढे त्याची संस्था झाली. २०१६ मध्ये हान कांग यांना इंटरनॅशनल बुकर मिळाले, २०२४ मध्ये नोबेल. नॉर्वेची अशी संस्था १९७८ पासून काम करते. ती नमुना अनुवादासाठीही पैसे देते, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त उपयोग त्याच पैशाचा होतो.

कारण परदेशी संपादकाला मराठी वाचता येत नाही. त्याच्यापुढे पाच-सहा हजार शब्दांचा नमुना, एका पानाचा सारांश आणि हक्कांचे स्पष्ट पत्र ठेवावे लागते. नमुना सुरुवातीचाच असला पाहिजे असे नाही. घराण्याच्या चार पिढ्या सांगणारे पहिले प्रकरण पाठवले तर तिसऱ्या पानावर वाचक सुटतो. पुस्तकाचा आवाज जिथे स्वच्छ ऐकू येतो ते प्रकरण निवडावे.

हक्कांची बाब त्याहून नाजूक. मराठीतले कित्येक जुने करार एका पानाचे असतात आणि त्यांत अनुवादाचा उल्लेखच नसतो. लेखकाच्या मृत्यूनंतर हक्क ६० वर्षे वारसांकडे राहतात. चार वारस चार गावांत असले आणि एकाची सही राहिली तरी परदेशी प्रकाशक पुढे जात नाही. म्हणून नमुन्याचे पैसे देण्याआधी लेखी संमती घ्यावी. नाहीतर अनुवाद तयार होतो आणि कपाटात पडून राहतो.

कोकणातल्या पुस्तकांसाठी आणखी एक गरज आहे. ज्ञानपीठ मिळालेल्या चार मराठी लेखकांपैकी विंदा करंदीकर देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, आणि वि. स. खांडेकरांची ऐन उमेदीची वर्षे शिरोड्यात शिकवण्यात गेली. या पट्ट्यातल्या लेखनात प्रमाण मराठी आणि बोली शेजारी शेजारी नांदतात. निवेदनात ‘मला’ आणि संवादात ‘माका’ असेल, तर अनुवादकाला इंग्रजीतही दोन पातळ्या उभ्या कराव्या लागतात. एकसारखे गुळगुळीत इंग्रजी केले की पात्रांची गावे पुसली जातात. शब्दकोशही दगा देतो. ‘गाऱ्हाणे’ म्हणजे तक्रार, असे तो सांगतो. सिंधुदुर्गात देवळापुढे घातलेले गाऱ्हाणे म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने देवाला केलेली विनवणी, आणि प्रत्येक ओळीला जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. ‘वाडी’ एका वाक्यात वस्ती असते, दुसऱ्यात नारळी-पोफळीची बाग. ‘रापण’ला नुसते जाळे म्हटले तर ती ओढणारी माणसे आणि मासळीचे त्यांचे वाटे, दोन्ही निसटतात. अशा जागा फोनवरून सुटत नाहीत. अनुवादकाला तीन-चार आठवडे इथे राहता आले पाहिजे, शक्यतो शिमग्यात किंवा मिरगाच्या सुमारास. शासकीय विश्रामगृहातली एक खोली पुरे. रत्नागिरी, चिपळूण आणि सावंतवाडीची जुनी ग्रंथालये संदर्भांना मदत करू शकतात.

आता पैशांचे. मोबदला इंग्रजी शब्दांवर मोजावा. मराठीत ‘घरातल्यांनासुद्धा’ हा एक शब्द. इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतात. मूळ शब्दांवर मोजले तर अनुवादक मारला जातो. इंग्रजी शब्दाला ५ रुपये दर धरू. वर्षाला बारा पुस्तकांचे सहा हजार शब्दांचे नमुने : ३ लाख ६० हजार. त्यांतल्या चार पुस्तकांचे पूर्ण अनुवाद, प्रत्येकी सुमारे ८० हजार शब्द : १६ लाख. इंग्रजी ज्याची घरची भाषा आहे अशा संपादकाला दीड रुपया दराने ४ लाख ८० हजार. एकूण २४ लाख ४० हजार. पूर्ण अनुवादाचे पैसे तीन हप्त्यांत द्यावेत : करार होताच ३० टक्के, पहिल्या खर्ड्यावर ४०, अंतिम प्रतीवर ३०.

निधी ३१ मार्चला परत जाता कामा नये. चांगल्या कादंबरीच्या अनुवादाला वर्ष ते दीड वर्ष लागते. फेब्रुवारीत मंजुरी आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा, अशा घाईतून कच्चे अनुवादच निघतील. रक्कम राज्य मराठी विकास संस्थेकडे तीन वर्षांसाठी वर्ग करावी.

आणि कृपया हे अनुवाद शासनाने स्वतः छापू नयेत. यामागचा हेतू चांगला असतो हे आम्हाला ठाऊक आहे. पण सरकारी आवृत्ती निघाली की इंग्रजी हक्क अडकतात, ती परदेशातल्या दुकानांत पोहोचत नाही आणि ब्रिटनमधल्या प्रकाशकाला ते पुस्तक नवे राहत नाही. अनुवादाचे पैसे द्यावेत, इंग्रजी हक्क लेखक आणि अनुवादकाकडे मोकळे ठेवावेत, पुस्तकात एका ओळीचा ऋणनिर्देश मागावा.

निवड समितीवर दोन अनुवादक, एक ग्रंथपाल, एक समीक्षक आणि मराठी न येणारा एक इंग्रजी संपादक असावा. शेवटचा महत्त्वाचा, कारण परीक्षकही त्याच्यासारखेच मराठी न वाचणारे असणार.

येत्या अर्थसंकल्पात या योजनेला स्वतंत्र लेखाशीर्ष मिळावे आणि पहिल्या बारा पुस्तकांची निवड २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, जाहीर व्हावी, ही आमची विनंती आहे. करारांचे आणि संमतिपत्रांचे मसुदे तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले नम्र,
रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतील अनुवादक व ग्रंथालय कार्यकर्ते