पोटातले जंतू उपाशी आणि कॅप्सूल मात्र रोज

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत पोटातल्या चांगल्या जंतूंवर अर्धं पान आलं, वाचून बरं वाटलं, पण शेवटी सल्ला काय तर प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत चांगल्या जंतूंची, कॅप्सूल घ्या, आणि खालीच पोट साफ करणाऱ्या चूर्णाची ही मोठी जाहिरात. हे जंतू खातात काय, यावर एक ओळ नाही. काहून भाऊ?

आपल्या अंगात अंदाजे ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात म्हणे, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात, आणि त्यांचं जेवण म्हणजे आपल्याला न पचणारं फायबर, धान्य-भाज्यांतला चोथा. ते हे फायबर आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना बरीचशी ताकद त्याच्यातूनच मिळते. फायबर बंद केलं तर काही जंतू आतड्याच्या आतला चिकट थरच खायला लागतात, हे उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय. आता सकाळी मैद्याचा टोस्ट, दुपारी पांढरा भात आणि रात्री नूडल्स असं खाणाऱ्याने वरून कितीही महागडी कॅप्सूल घेतली तरी आतले जंतू उपाशीच ना!

चूर्णाची तर गंमतच आहे. बऱ्याच चूर्णांत सोनामुखी ही जुलाबाची वनस्पती असते, आणि ती काम करते ते मोठ्या आतड्यातले जंतू तिला फोडतात म्हणून. म्हणजे ज्यांना आपण खायला देत नाही त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचं, तेही रोज.

आपल्या नागपुरात तर या जंतूंच्या खाण्याची कमी नाहीच. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, सगळं कॉटन मार्केट नाहीतर इतवारीत मिळतं. तर्री पोह्यातले चणे पण चांगलेच, पण लोकं नुसती तर्री ओरपतात आणि चणे प्लेटमध्ये ठेवून उठतात, हे मला आजवर कळलेलं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरीच्या ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्यात, आपल्या डब्यात बटाटा सोडला तर किती असतात ते ज्याचं त्याने बघावं.

आंबवलेल्या पदार्थांचं म्हणाल तर अमेरिकेत स्टॅनफर्डला ३६ जणांवर अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला, त्यात दह्यासारखे पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या पोटातल्या जंतूंची विविधता वाढली. अभ्यास छोटाच आहे, पण दही, ताक, ज्वारीची आंबील आपल्याकडे उन्हाळ्यात असतेच की, मे महिन्यात तर दही लावायचा अवकाश, दुपारपर्यंत आंबट. मात्र घरच्या दह्याला औषध समजू नका, त्यात नेमके कोणते जंतू किती ते कोणी मोजलेलं नसतं. आणि साध्या सर्दीला मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक घेणं बंद करा, सर्दी व्हायरसची असते, गोळी बसणार पोटातल्या बिचाऱ्या चांगल्या जंतूंना.

एक मात्र छापाच. फायबर एकदम वाढवलं की पोट फुगतं, गॅस होतो, म्हणून हळूहळू वाढवावं, पाणी जास्त प्यावं. शौचात रक्त दिसत असेल, वजन आपोआप उतरत असेल तर भाकरी नाही, डॉक्टर गाठायचा. पुढच्या वेळी लेख एखाद्या आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या आणि चूर्णाची जाहिरात निदान दुसऱ्या पानावर तरी टाका.

— तुमचा जुना वाचक, धरमपेठ, नागपूर