कायद्यातले चार टक्के आणि आपले चौपट भाडे

प्रति,
व्यवस्थापक,
मालमत्ता व्यवस्थापन कंपनी, पुणे

विषय : बेकायदा भाडेवाढ, न मिळालेल्या पावत्या आणि जिन्यातील बंद दिवा

महोदय,

आपल्या मदत क्रमांकावर आज सकाळी केलेला चौथा फोनही वाया गेल्यानंतर हे पत्र लिहीत आहे. सदाशिव पेठेतील आमच्या वाड्याची भाडेवसुली मालकांनी आपल्याकडे सोपवली, तेव्हा ही वसुली ज्या कायद्याखाली होते तो आपल्या कार्यालयात निदान एकाने तरी वाचला असेल, असे मी गृहीत धरले होते.

माझे मासिक भाडे ६५० रुपये आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ११ नुसार मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते आणि ती मी दरवर्षी, कोणी मागण्याची वाट न पाहता, देत आलो आहे. त्या हिशेबाने यंदाचे भाडे ६७६ रुपये होते. आपल्या मागणीपत्रात मात्र २,६०० रुपये लिहिले आहेत. ६५० ला ४ ने गुणले की नेमका हाच आकडा येतो; म्हणजे कायद्यातले चार आपल्यापर्यंत पोहोचले आणि टक्के वाटेत कुठेतरी सांडले. मी पाठवलेला ६७६ रुपयांचा धनादेश ‘रक्कम अपुरी’ असा शेरा मारून परत आला आणि पाठोपाठ सात दिवसांत खोल्या रिकाम्या करण्याचा संदेश मोबाइलवर आला. कायदेशीर भाडे देण्यास तयार असलेल्या भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही आणि थकबाकीचा दावा लावायचा झाला तरी लेखी नोटिशीनंतर ९० दिवस थांबावे लागते, असे कलम १५ सांगते. आपले सात दिवस कोणत्या कलमातले, ते कळवावे.

आता आजच्या फोनविषयी. पलीकडच्या मुलीने प्रथम ‘युनिट आयडी’ विचारला. मधल्या चौकातून वर आल्यावर डाव्या हाताच्या दोन खोल्या, याखेरीज माझ्या घराला दुसरी ओळख नाही, असे मी सांगितले. त्यावर तिने मला अकरा मिनिटे (घड्याळ समोरच होते) बासरी ऐकवली आणि परत येऊन म्हणाली, “सर, सिस्टीममध्ये तुमचं युनिट लो यील्ड दिसतंय.” याचा अर्थ मला कळला होता, तरी तिच्याच तोंडून ऐकावा म्हणून विचारला. “म्हणजे सर, तुमच्याकडून कंपनीला काही सुटत नाही.” मी जिन्यातील दिव्याचे विचारले. तो ‘अमेनिटी’ आहे आणि जुन्या भाड्यात अमेनिटी बसत नाही, असे उत्तर मिळाले. कलम २९ मध्ये जिन्यातील दिवे अत्यावश्यक सेवांत स्पष्ट नमूद आहेत, हे मी वाचून दाखवू लागलो, तोच ती म्हणाली, “काका,” (तोवर मी सर होतो) “नवीन भाडं परवडत नसेल तर वाघोलीला आमच्याकडे छान वन आरके आहेत. ब्रोकरेजमध्ये डिस्काउंट देऊ.” मला माझ्याच घरातून उठवायचे आणि त्याची दलालीही माझ्याकडूनच घ्यायची, ती सवलतीत! त्या मुलीवर माझा राग नाही, ती समोर लिहिलेले वाचत होती. ते लिहिणाऱ्या गृहस्थांना भेटण्याची इच्छा आहे.

१२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात आमचे नदीकाठचे बिऱ्हाड गेले आणि वडिलांनी या खोल्या भाड्याने घेतल्या. तेव्हापासूनच्या साऱ्या पावत्या पत्र्याच्या पेटीत आहेत. नाहीत त्या फक्त आपण वसुली हाती घेतल्यानंतरच्या पाच महिन्यांच्या. पावती न देणाऱ्या मालकाला, दोष सिद्ध झाल्यास, दिवसाला १०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो (कलम २६). हा गुणाकार आपल्याला जमेल.

गळक्या कौलांबाबत कलम १४ खाली १५ दिवसांची नोटीस वेगळी पाठवत आहे. आपण दुरुस्ती न केल्यास मी ती करून घेईन आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत, म्हणजे २,०२८ रुपयांपर्यंत, खर्च भाड्यातून वळता करीन.

जिन्यातील दिवा बंद आहे, हे पुन्हा लिहितो, कारण चार वेळा सांगूनही तो बंदच आहे. वरच्या मजल्यावरील ८१ वर्षांच्या काकूंनी दिवस मावळल्यावर खाली येणे सोडले आहे. आपल्या पाकिटावर ‘भाडेकरूंचा सोबती’ असे छापलेले असते. या सोबत्याने एकदा रात्री आमचा जिना चढून पाहावा.

दिवा तत्काळ सुरू करावा, पाच पावत्या द्याव्यात आणि सुधारित मागणीपत्र १५ दिवसांत लेखी पाठवावे. अन्यथा मी लघुवाद न्यायालयात जाईन. या पत्राची प्रत मालकांनाही देत आहे; त्यांच्या आजोबांनी आम्हाला जागा दिली, तेव्हा युनिट आयडी विचारला नव्हता.

आपला,
एक भाडेकरू
(मधला चौक, डाव्या हाताच्या दोन खोल्या)

ता. क. बॅटरीच्या सेलचे बिल सोबत जोडले आहे.