टीव्हीवरच्या चर्चेत कोण जिंकलं ते राहू द्या, उत्तर मिळालं का ते छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इलेक्शन जवळ आलं की रोज रात्री प्रत्येक चॅनलवर महाचर्चा असते आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरातही "अमुकांनी तमुकांना धारेवर धरलं" अशीच बातमी येते, म्हणून हे पत्र. धारेवर धरलं म्हणजे नेमकं काय केलं हो? आवाज चढवला, बोट नाचवलं, समोरच्याला वाक्य पुरं करू दिलं नाही, एवढंच ना.

कागदाची ट्रिक तर नीट बघण्यासारखी असते. प्रवक्ते फाइलमधून एक कागद काढतात, कॅमेऱ्यासमोर दोन सेकंद फडकवतात, "माझ्याकडे पुरावे आहेत" म्हणतात आणि कागद परत फाइलमध्ये. त्यावर तारीख कुठली, सही कुणाची, हे ना अँकर विचारत ना समोरचा, पण घरी बघणाऱ्याला वाटतं की चला, ह्यांच्याकडे काहीतरी सॉलिड आहे. दुसरं म्हणजे एका दमात दहा आरोप करायचे, एकेक खोडायला मिनिटभर तरी लागतं आणि तेवढा वेळ कुणी देत नाही, मग जे खोडायचे राहिले ते लोकांना खरेच वाटतात. आणि "तुमच्या काळात काय झालं" हे तर ठरलेलंच. 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं पुणे महापालिकेत घेतली, तिथं पाण्याची लाईन कधी पोचणार एवढा साधा प्रश्न असतो, त्यावर पंधरा मिनिटं एकमेकांची जुनी प्रकरणं निघतात आणि टँकरचा विषय तिथंच बुडतो.

देहबोलीचा परिणाम होतो हे मला मान्य आहे, सगळीकडेच होतो. अमेरिकेत 1960 ला अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांची पहिली टीव्ही डिबेट झाली, निक्सन गुडघ्याच्या दुखण्यातून नुकतेच हॉस्पिटलमधून आलेले, चेहरा उतरलेला, हनुवटीवर घाम, आणि आजही लोक तो घामच सांगतात. 1992 ला तिथल्याच रिचमंडमध्ये अध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये एका बाईंनी उमेदवारांना विचारलं की देशावरच्या कर्जाची झळ तुम्हाला स्वतःला कशी लागली, तेव्हा बुश घड्याळ बघताना कॅमेऱ्यात सापडले, आणि क्लिंटन मात्र त्या बाईंच्या जवळ चालत गेले आणि उलट विचारलं की तुम्हाला कशी लागली ते सांगा. घड्याळ सगळ्यांच्या लक्षात राहिलं, बुश काय बोलले ते कुणालाच आठवत नाही. मला हेच फार खटकतं, कारण नजर, हात, चालणं ह्याची प्रॅक्टिस करून घेता येते, पाण्याच्या लाईनचं तसं नाही.

2024 ला बायडेन-ट्रम्प डिबेटमध्ये एकाची पाळी असताना दुसऱ्याचा माइक बंद ठेवला होता. आपल्याकडे चॅनलवाले हे करतील असं वाटत नाही, आरडाओरडा झाला की त्यांचीच क्लिप फिरते. पण न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 ला ज्या शहरात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तिथल्या पेपरानं एवढं तरी करावं, चर्चेच्या दुसऱ्या दिवशी एक छोटी चौकट द्या, प्रश्न काय होता, उत्तर काय आलं, आणि नाही आलं तर सरळ "उत्तर दिलं नाही" असं लिहा. आणि कुणी कागद फडकवला असेल तर तुमच्या रिपोर्टरनं तो मागून घ्यावा, दिला तर छापा आणि नाही दिला तर तेही छापा.

आपला,
एक नियमित वाचक, धनकवडी, पुणे