बाबा, प्रबंधाचं विचारलंत म्हणून

ह्यूस्टन

ती. बाबा आणि आई यांस,
सा. नमस्कार.

"प्रबंध नाही, तर मग ही कसली पदवी?" असं बाबांनी विचारलं आणि तेवढ्यात फोन कट झाला. प्रश्न रास्त आहे. घराची कागदपत्रं बँकेत ठेवून लेकीला इतक्या लांब धाडलंत, तर ती नक्की काय शिकते ते तुम्हाला कळायलाच हवं.

राईस विद्यापीठातली ही पदवी व्यावसायिक आहे, विषय नॅनो पातळीवरचं भौतिकशास्त्र. पीएच.डी.ची मुलं वर्षानुवर्षं एकाच प्रश्नाच्या मागे असतात, त्यांना विद्यावेतनही मिळतं. आमचा खर्च आमचा आम्हीच करायचा. मात्र प्रबंधाच्या जागी 3 ते 6 महिने कंपनीत किंवा सरकारी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करायचं, त्याचा लेखी अहवाल द्यायचा आणि प्राध्यापकांपुढे उभं राहून तो मांडायचा. मला नोकरी करायची आहे, कर्ज फेडायचं आहे, आणि खरं सांगायचं तर हाताने काही घडवायचं आहे. म्हणून हीच वाट धरली.

बाबा, तुमच्या मायक्रोमीटरच्या थिंबलवरची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. त्याचे आणखी 10,000 भाग केले की त्यातला एक नॅनोमीटर. एवढ्याशा जागेत इलेक्ट्रॉन कोंडला की पदार्थाचं वागणंच बदलतं. कॅडमियम सेलेनाइडचे कण घ्या. पदार्थ तोच, पण अगदी बारीक कण निळसर उजेड देतात, जरा मोठे कण तांबडा. असं का होतं ते कळायला क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनच्या पातळीवरचं भौतिकशास्त्र लागतं. त्याच्या जोडीला नॅनोरचनांचा पेपर आणि प्रायोगिक पद्धतींचा. गणित जड आहे, पण जमतंय.

उद्यमबागेतल्या कारखान्यातून घरी यायचात तेव्हा तुमचे हात काळे असायचे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, टर्निंग करताना त्यातला ग्राफाइट, म्हणजे कार्बनच, हाताला लागतो, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. 1985 साली याच विद्यापीठात स्मॉली, कर्ल आणि क्रोटो यांनी ग्राफाइटवर लेझर मारून त्याची वाफ केली आणि त्यात 60 कार्बन अणूंचा, फुटबॉलसारखा पोकळ रेणू सापडला. 1996 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते वाचलं तेव्हा मला तुमचे हात आठवले.

आता क्लीनरूमचं. चिप बनवायच्या खोल्या इतक्या स्वच्छ ठेवतात की चांगल्या दर्जाच्या खोलीत एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे कण 100 च्या वर चालत नाहीत. आई, तिथे पावडर, काजळ काही चालत नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा अंगरखा, नुसते डोळे उघडे. साधा कागद आणि पेन्सिलसुद्धा बाहेर ठेवायची, कारण त्यांची भुकटी उडते. सिलिकॉनची चकती चकवर बसवतात. पण बाबा, या चकला जबडे नसतात, खालून हवा ओढून घेऊन तो चकती धरतो. वर फोटोरेझिस्टचा, म्हणजे उजेड पडला की बदलणाऱ्या रसायनाचा थेंब टाकायचा आणि मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांनी फिरवायचं. थेंब पसरून साधारण मायक्रॉनभर जाडीचा सारखा थर बसतो. त्याला निळा-जांभळा उजेड सोसत नाही, म्हणून तिथले दिवे पिवळे.

उरलेले विषय व्यवस्थापन, विज्ञानातली नीती-धोरणं आणि संवाद. हे ऐकून अनगोळचे काका म्हणाले, मग ही फिजिक्सवाली कसली? मला ते पटत नाही. ज्याला भौतिकशास्त्र येत नाही त्याला आपलं काम समजावून सांगता आलंच पाहिजे. तुम्ही नवीन पोरांना मराठीत, कानडीत, नाहीतर हाताला धरून सेटिंग शिकवायचात, ती पोरं आज स्वतःची मशीन चालवतात.

एक काम आहे. व्यवस्थापनाच्या पेपरला मला छोट्या कारखान्यातल्या तपासणीवर लिहायचं आहे. जॉब रिजेक्ट झाला की चूक ओतकामाची की मशीनिंगची, हे तुम्ही कसं ठरवायचात? आणि ते कुठे लिहून ठेवायचात? रविवारी तुमच्या सकाळी फोन करते, सगळं नीट आठवून ठेवा. आईने तेव्हा गुडघ्याचंही सांगावं, लपवू नये.

तुमची
लेक