रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून पंप बंद करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंगळवारच्या आरोग्य पुरवणीतला ऍलर्जीच्या रक्तचाचणीवरचा लेख शेजारच्या वहिनींनीही वाचला आणि त्याच दुपारी मुलाचा दम्याचा पंप (श्वासावाटे औषध ओढायचा) कपाटात ठेवून दिला. मुलगा सात वर्षांचा. महिन्याभरापूर्वी त्याची ही चाचणी निगेटिव्ह आली होती, आणि तुमच्या लेखातल्या चौकटीत ठळक अक्षरांत छापलं होतं की चाचणी निगेटिव्ह असेल तर दम्याची काळजी नको. रात्री त्यांच्याकडे जाऊन मी तो पंप परत बाहेर काढायला लावला. घरी आले, पण झोप लागेना.

दम्याचं निदान रक्तावरून होत नाही हो! रात्रीचा खोकला, छातीतली शिट्टी, खेळताना लागणारी धाप हे आईबापांनी सांगायचं, डॉक्टरांनी छाती तपासायची, आणि मूल पुरेसं मोठं असेल तर नळीत जोरात फुंकायला लावून स्पायरोमेट्री, म्हणजे श्वासाच्या जोराची मोजणी, करायची. रक्तातली आयजीई चाचणी फक्त एवढं सांगते की धुळीतले किडे, परागकण, झुरळं, बुरशी, मांजर यांपैकी कशाविरुद्ध शरीराने आयजीई नावाची प्रतिपिंडं (बाहेरच्या पदार्थाला ओळखून चिकटणारी रक्तातली प्रथिनं) तयार केली आहेत. कितीतरी जणांचा दमा थंड हवेने, सर्दीच्या विषाणूने, उदबत्तीच्या नाहीतर फटाक्यांच्या धुराने उसळतो. त्यांचा रिपोर्ट पूर्ण कोरा येऊ शकतो. पंप तरीही लागतो.

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीचं एक वर्ष या रिपोर्टपायी गेलं, म्हणून लिहिते आहे.

ती आठ वर्षांची होती. सकाळी उठली की दहा-पंधरा शिंका, नाक चोंदलेलं, आणि पावसाळा लागला की रात्री तीनच्या सुमारास खोकल्याची उबळ. कुणीतरी सुचवलं म्हणून आम्ही लॅबमधून पॅकेज घेतलं. डॉक्टरांची चिठ्ठी कुणी मागितली नाही, तिला काय होतं हेही विचारलं नाही. माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. चार दिवसांनी फोनवर रिपोर्ट आला, नऊ पानांचा, शंभराच्या वर पदार्थांचा. पहिल्याच पानावर लाल अक्षरांत दूध, अंडं, गहू. दूध ०.४१, अंडं ०.५२, गहू ०.६०. मर्यादा ०.३५ छापलेली, म्हणजे तिन्ही जास्त. आम्ही त्याच दिवशी तिन्ही बंद केले.

अकरा महिने. डब्यात रोज ज्वारीची भाकरी. वर्गातल्या वाढदिवसाला केक वाटला की ही मागे उभी. गुढीपाडव्याला श्रीखंड नाही. गावाहून सासूबाईंनी मुद्दाम खरवस आणला, तो तिच्यासमोर इतरांनी खाल्ला, आणि ती न रडता बघत बसली. त्या न रडण्याचं मला आजही वाईट वाटतं. वजन २४ किलोवरून २२ वर आलं. खोकला होता तसाच. श्रावणात दोन वेळा रात्री वाफ द्यायला दवाखान्यात न्यावं लागलं.

शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी मुलीशी बोलले. पोळी खाल्ल्यावर कधी अंगावर पित्त उठलं का? नाही. दूध प्यायल्यावर उलटी, ओठ सुजणं, खोकला? कधीच नाही. मग, झोपतेस कुठे? भिंतीला लागून, आजीच्या कापसाच्या गादीवर. भिंतीला ओल येते का? येते. हे सगळं झाल्यावर त्यांनी रिपोर्ट उघडला आणि सहाव्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. डर्माटोफॅगॉइड्स टेरोनिसिनस, ४१.२, चौथी श्रेणी, म्हणजे बरीच वरची. ती ओळ आम्ही वाचली होती, पण हे नाव कशाचं आहे ते आम्हाला कळलंच नव्हतं. हा गादीतल्या धुळीत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा किडा. माणसाच्या कातडीचे गळलेले कण खाऊन जगतो आणि दमट हवेत वाढतो. त्रास मुख्यतः त्याच्या विष्ठेचा होतो. दूध-गव्हाचे ते आकडे पहिल्या, म्हणजे अगदी खालच्या श्रेणीतले, आणि खाऊन कधीच त्रास झाला नसेल तर अशा आकड्यांवरून पदार्थ बंद करायचा नसतो. शरीरात प्रतिपिंडं असणं वेगळं आणि त्या पदार्थाने आजारी पडणं वेगळं, हे त्यांनी आम्हाला दोनदा समजावलं. दूध, अंडं आणि गहू पुन्हा सुरू करायलाही त्यांनी दवाखान्यात आपल्यासमोरच लावलं, कारण असे पदार्थ फार दिवस तोडले तर काही मुलांना नंतर खरीच ऍलर्जी होऊ शकते. मी अकरा महिने काय करत होते, हे मला त्या क्षणी कळलं.

गादीला न झिरपणारं कव्हर, चादरी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात, पलंग ओलीच्या भिंतीपासून दूर, कापसाची खेळणी खोलीबाहेर. आणि पंप, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, रोज. दिवाळीपर्यंत ती रात्रभर झोपू लागली.

म्हणजे चाचणी खोटी नव्हती. उत्तर त्याच रिपोर्टात होतं. आधी कुणी तिचं ऐकून घेतलं असतं, तर चार-पाच गोष्टी तपासून भागलं असतं. आधी लक्षणं ऐका, मग चाचणी करा, हे तुमच्या लेखात कुठेच नाही. उलट सल्ला काय, तर जितकी मोठी यादी तितकं चांगलं.

लेखात ही चाचणी अगदी नवीन असल्यासारखी मांडली आहे. आयजीईचा शोध १९६०च्या दशकातला, अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वीडनमधल्या योहान्सन व बेनिख यांनी लावलेला. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याला नाव मिळालं. रक्तात ते मोजण्याची पद्धतही त्याच काळातली. त्वचेवर टोचून करायच्या चाचणीला लेखात 'वेदनादायक' म्हटलं आहे. माझ्या मुलीची नंतर तीही झाली. थेंब ठेवून हलकेच टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते की नाही ते बघतात. सर्दीच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, एवढंच. गोळ्या थांबवणं शक्य नसेल किंवा अंगभर इसब असेल तेव्हा रक्ताची चाचणी जास्त सोयीची, हे सांगितलं असतं तर लोकांना उपयोग झाला असता. एकूण आयजीई (कुठल्या एका पदार्थाचं नव्हे, रक्तातलं सगळं मिळून) वाढलं म्हणजे ऍलर्जीच, हेही बरोबर नाही. पोटात जंत असले तरी ते वाढतं, आणि आपल्याकडे किती मुलांना जंत होतात हे सर्वांना माहीत आहे.

आणखी एक. गाजर गवताचा फोटो छापून खाली लिहिलंत की त्याने उठणारी खाजही या रक्तचाचणीत कळते. आम्ही पुणेकर हे गवत १९५०च्या दशकापासून बघतो आहोत. माझ्या सासऱ्यांचे हात आणि मान त्याने वर्षानुवर्षं सोलवटत असत. ती खाज आयजीईमुळे होत नाही. ती त्वचेच्या वेगळ्या प्रतिक्रियेने होते आणि पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन-तीन दिवसांनी बघतात तेव्हा समजते. सासऱ्यांची रक्तचाचणी निगेटिव्ह आली होती, आणि तेवढ्यावर विसंबून त्यांनी पुढची दोन वर्षं उघड्या हातांनी ते गवत उपटलं.

त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात एका लॅबच्या ऍलर्जी पॅकेजची सवलतीची जाहिरात होती. लेख आणि जाहिरात असे शेजारी छापू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. वाचकाला दोन्ही एकच वाटतात. आमच्या वहिनींनाही तसंच वाटलं.

येत्या मंगळवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक चौकटीत छापा की रक्तचाचणी निगेटिव्ह आली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप बंद करू नये. वहिनींना मी सांगितलं आहे. बाकी ज्यांनी तो लेख वाचला त्यांच्यापर्यंत मी पोहोचू शकत नाही, तुम्ही पोहोचू शकता.

कळावे,
एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे